बाळ्या, तुझा प्रश्न परत आला

मालवण,
गणपती गेल्यावर

प्रिय बाळ्या,

शिमग्यानंतर पत्र नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. आईचा गुडघा तसाच, मी ठीक.

सातवीला पानाचा प्रयोग घेतला. आपलाच तो, काळ्या कागदाच्या पट्टीचा: पट्टीखाली उजेड नाही, म्हणून तिथे स्टार्च नाही. पानातला आधीचा स्टार्च संपावा म्हणून जास्वंदीची कुंडी शनिवार-रविवार अडगळीच्या खोलीत ठेवली. शिपायमामांना तिची दया आली. दोन्ही दिवस उन्हात काढली आणि रविवारी संध्याकाळी गुपचूप आत! स्टार्च असला की आयोडीनने काळंनिळं होतं, आणि इथे तर पट्टीखालचा भागही काळानिळा. पोरं खूश, मी घामाघूम.

दुसऱ्यांदा खोलीला कुलूप लावलं. स्पिरिटची नळी गरम पाण्यात धरली. थेट आगीवर धरायची नाही हे तुझ्या भुवईमुळे जन्मभर लक्षात आहे. पान उकडलेल्या कोबीसारखं फिकट झालं, आयोडीनने काळंनिळं, मधे पट्टीएवढा पिवळट भाग. मी फुशारलो. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी, "सर, कागदान नुसतो उजेड खय अडलो? वारोव अडलो मा?"

बाळ्या, शब्द न् शब्द तुझाच रे! पुस्तकात आहे तेवढं लिही, असं तोंडात आलं होतं. तेव्हा सरांना मीच म्हटलं होतं ना, "ह्याला वहीत भलतंच लिहायचंय." तू तासभर व्हरांड्यात उभा, आणि मी आत दहापैकी नऊ. (नंतर तू माझी सायकल पंक्चर केलीस, ते फिटलं असं मी धरत नाही.)

मग साडीच्या पाकिटाचं प्लास्टिक कापलं. त्याच पानावर काळ्या पट्टीशेजारी तेवढ्याच मापाची पारदर्शक पट्टी, दोन्ही बाजूंनी, तशीच क्लिप लावून. वारा दोघींनी सारखाच अडवायचा, फरक फक्त उजेडाचा. चार दिवस ढगांनी छळलं, पाचव्या दिवशी ऊन मिळालं. प्लास्टिकखाली काळंनिळं, कागदाखाली पिवळट. सॅक्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने उजेडातला स्टार्च १८६०च्या दशकात दाखवला. मला वारा आणि उजेड वेगळे करायला तुमच्या दोघांची गरज लागली.

तरी पोरगी गप्प नाही. काळा कागद तापतो, म्हणते, पान आत भाजलं असलं तर? त्यावर मी चहाला उठलो.

लेकीचं बारावीचं कसं चाललंय? वहिनींना नमस्कार. डोंबिवलीचं घर गळायचं थांबलं का?

तुझी ती प्रयोगवही आहे का रे अजून? तापण्याबद्दल काही लिहिलं असशील तर ते पान फोटो काढून पाठव. सोमवारी तास आहे.

तुझा,
नान्या