धोबिणीच्या जिगचे गोत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीतील आयरिश संगीतावरचा लेख मनापासून आवडला. एका वाक्यावर मात्र अडखळले. 'द आयरिश वॉशरवुमन' ही जिग 'अस्सल आयरिश, कुणाकडूनही न घेतलेली' असल्याचे त्यात म्हटले आहे. ही चाल मी व्हायोलिनवर वर्षानुवर्षे वाजवते, म्हणून राहवले नाही.

जिग म्हणजे आपल्या दादऱ्यासारखी तीन-तीनची चाल, लय मात्र कितीतरी चढी. सरगमीत सांगायचे तर या जिगचा उठाव 'ग सा सा, प सा सा' असा आहे (प मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला). थोड्याच वेळात तोच तुकडा एक स्वर वर सरकतो : 'म रे रे, ध रे रे'. इतकी सोपी, पायाला लागणारी गोष्ट एकाच घरात राहील कशी?

१९व्या शतकातले इंग्रज संग्राहक विल्यम चॅपेल यांनी तिचे नाते 'द कंट्री कोर्टशिप' या जुन्या इंग्रजी चालीशी जोडले. आणखी मागे गेले की 'डार्गसन' ही चाल भेटते. जॉन प्लेफर्ड यांनी १६५१ मध्ये लंडनला छापलेल्या नृत्यसंग्रहात ती आहे. आठ आवर्तनांची ही चाल शेवटी 'सा'वर विसावत नाही, पुन्हा आरंभालाच जाऊन मिळते, म्हणून नाचणाऱ्यांना थांबूच देत नाही. इंग्रज संगीतकार गुस्ताव्ह होल्स्ट यांनी १९११ च्या बँडसाठीच्या रचनेत तिच्यावर 'ग्रीनस्लीव्ह्ज' ही दुसरी जुनी इंग्रजी चाल चढवली आणि दोन्ही एकत्र सुखाने नांदल्या.

म्हणून ही जिग आयरिश नाही, असे मी मुळीच म्हणत नाही. इलियन पाइप्सवरच्या (आयरिश बॅगपाइपवरच्या) हरकतींनी आणि नाचणाऱ्यांच्या पावलांनी आयरिश लोकांनी तिला आपली केली, हा हक्क जन्मदाखल्याहून मोठा आहे. शिकागोचे पोलिसप्रमुख राहिलेले, मूळचे आयर्लंडमधल्या कॉर्कचे फ्रान्सिस ओ'नील यांनी १९०३ मध्ये १८५० चाली छापल्या. त्यातही एकच चाल वेगवेगळ्या नावांनी, थोड्या वेगळ्या रूपात भेटते. आपल्याकडे कर्नाटक संगीतातले रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितांनी 'रेक्स ऑफ मॅलो' या आयरिश चालीवर 'वंदे मीनाक्षी' रचले. ती जिग नव्हे, पण प्रवास तसाच.

एक विनंती. पुढच्या लेखात 'डार्गसन' आणि 'वॉशरवुमन' यांची सरगम शेजारी-शेजारी छापावी. पेटी वाजवणाऱ्या वाचकांना दोघींचे साम्य आणि वेगळेपण स्वतःच्या बोटांनी तपासता येईल.

आपली,
एक व्हायोलिनवादक वाचक, पुणे