व्हॉलीबॉलच्या प्रकल्पाविषयी ताईस पत्र

कराड

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमच्या गटाने तयार केलेला प्रकल्पाचा आराखडा मिळाला आणि तो मी सावकाश वाचला. व्हॉलीबॉलमागचे भौतिकशास्त्र हा विषय तुम्ही चौघींनी निवडला याचा मला फार आनंद झाला. वर्गात प्रक्षेप्य गती शिकवताना मैदानावरचे उदाहरण द्यायला मला नेहमीच आवडते, आणि आता तू तेच मैदानावर मोजणार आहेस. मात्र आराखड्यात तुम्ही विषयाची जी वाटणी केली आहे, ती मला पटलेली नाही. एकीकडे सर्व्हिस, दुसरीकडे लिफ्ट, तिसरीकडे स्मॅश आणि चौथीकडे ब्लॉक असे विभाग पाडून प्रत्येकीने आपापले सूत्र उतरवून काढायचे आणि सादरीकरणाच्या आदल्या रात्री ते एकत्र जोडायचे, हा बेत सोयीचा असला तरी त्यातून चार वेगळे निबंध हाती येतील आणि चौघींपैकी एकीलाही दुसरीच्या भागावर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही. पहिले पान 1895 साली विल्यम मॉर्गन यांनी अमेरिकेतील होल्योक येथे हा खेळ सुरू केला, या माहितीने भरले आहे. ती खरी आहे, परंतु तुमच्या कामाशी तिचा संबंध नाही, तेव्हा ते पान काढून टाकावे.

माझे सुचवणे असे आहे की एकच प्रश्न घ्या आणि तो चौघींनी मिळून सोडवा. प्रश्न हा, की फ्लोटिंग सर्व्हिसचा, म्हणजे फिरकी न देता मारलेल्या सर्व्हिसचा, चेंडू पुस्तकातल्या परवलयापासून कोठे आणि किती ढळतो.

आधी पुस्तकातले गणित मांडून पाहा. खेळाडूने 2.2 मीटर उंचीवर, 15 मीटर प्रति सेकंद वेगाने आणि क्षितिजाशी 15 अंशांचा कोन करून चेंडू मारला आणि हवा मुळीच नाही असे धरले, तर 9 मीटरवरच्या नेटपाशी तो सुमारे 2.7 मीटर उंचीवर असेल, म्हणजे मुलींसाठीच्या 2.24 मीटर उंचीच्या नेटवरून सहज जाईल, आणि 17 मीटरवर, मागच्या रेषेच्या मीटरभर आत पडेल. प्रत्यक्ष मैदानावर तो याहून बराच अलीकडे पडेल. याचे कारण चेंडूच्या आकारात व वजनात आहे. परीघ 65 ते 67 सेंटिमीटर आणि वस्तुमान अवघे 260 ते 280 ग्रॅम असल्यामुळे हा चेंडू आकाराच्या मानाने फार हलका आहे. त्याचे वजन सुमारे 2.6 न्यूटन भरते, आणि 15 मीटर प्रति सेकंद वेगाला हवेचा रोध, रोध गुणांक (हवा चेंडूला किती अडवते ते सांगणारा आकडा) किती धरला यावर अवलंबून, त्या वजनाच्या पाव भागापासून जवळजवळ पूर्ण वजनापर्यंत असू शकतो. गोळाफेकीतल्या लोखंडी गोळ्याच्या बाबतीत हवा खुशाल सोडून देता येते. व्हॉलीबॉलमध्ये ती सोडली तर खेळच हातातून निसटतो.

हा गुणांक स्थिर नसतो, हीच या प्रश्नातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे. वेग कमी असताना चेंडूला लगटून वाहणारा हवेचा पातळ थर लवकर सुटतो, मागे रुंद खळबळ उरते आणि गुणांक मोठा राहतो. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की तो थर स्वतःच खळबळून चेंडूला अधिक मागपर्यंत चिकटून राहतो आणि गुणांक झपाट्याने उतरतो. व्हॉलीबॉलच्या बाबतीत हा बदल नेमका सर्व्हिसच्या वेगांच्या टप्प्यातच घडतो. त्यामुळे वेगाने निघालेला चेंडू वाटेत मंदावत त्या मर्यादेखाली आला की त्याच्यावरचा रोध एकाएकी वाढतो, आणि समोरच्या खेळाडूला तो अचानक खाली बसल्यासारखा दिसतो. त्यातच चेंडू फिरत नसेल, तर एका बाजूला शिवण व दुसऱ्या बाजूला सपाट पट्टी अशी स्थिती बराच वेळ टिकते, दोन्ही बाजूंनी थर सारखा सुटत नाही आणि चेंडू बाजूला सरकतो. फिरकी दिली की हे सारे सरासरीत मिटते आणि मॅग्नस परिणाम, म्हणजे फिरकीमुळे हवेने चेंडूला एका बाजूला ढकलणे, वरचढ होतो. टॉपस्पिनची, म्हणजे पुढच्या दिशेने फिरकी दिलेली, सर्व्हिस खाली वळते ती त्यामुळे, आणि तिचा मार्ग पुष्कळसा अंदाजात येतो. पट्ट्यांची ठेवणही महत्त्वाची असते. चेंडू बनवणाऱ्या मिकासा कंपनीने 2008 मध्ये 8 पट्ट्यांचा आणि 2019 मध्ये 18 पट्ट्यांचा चेंडू आणला, आणि अशा वेगवेगळ्या चेंडूंवरचे बल जपानमधील त्सुकुबा विद्यापीठाच्या संशोधकांनी विंड टनेलमध्ये, म्हणजे ठरावीक वेगाने हवा सोडता येणाऱ्या बोगद्यात, मोजलेले आहे. तुमच्याकडे विंड टनेल नाही, पण मोबाइलचा कॅमेरा आहे आणि तुमच्या प्रश्नाला तो पुरेसा आहे.

कॅमेऱ्याविषयी मात्र काळजीपूर्वक वाच. सेकंदाला 30 चित्रे घेतलीस तर 15 मीटर वेगाचा चेंडू दोन चित्रांमध्ये अर्धा मीटर पुढे जातो आणि वक्रातले बारकावे हरवतात. 240 चित्रे घेतलीस तर हेच अंतर सव्वासहा सेंटिमीटरवर येते. तेव्हा स्लो मोशनच वापरावे आणि फोन हातात न धरता तिकाटण्यावर बसवावा. ट्रॅकर नावाचे मोफत सॉफ्टवेअर चित्रागणिक चेंडूची जागा नोंदवून देते, परंतु त्याला लांबीचे माप आपणच द्यावे लागते, आणि बहुतेक विद्यार्थी येथेच फसतात. नेटच्या कडेला उभ्या असलेल्या अँटेनावर 10 सेंटिमीटरचे लाल-पांढरे पट्टे असतात, ते पाहून साहजिकच वाटते की माप आयतेच मिळाले. समज, फोन जवळच्या अँटेनापासून 20 मीटरवर आहे आणि चेंडू मैदानाच्या मधून जातो आहे. म्हणजे चेंडू फोनपासून साडेचोवीस मीटर दूर आहे. अँटेनाचे माप त्याला लावलेस तर प्रत्येक वेग खऱ्यापेक्षा सुमारे 18 टक्के कमी निघेल आणि ती चूक हवेच्या रोधाच्या नावावर खपून जाईल. म्हणून चेंडू ज्या रेषेतून जाणार, त्याच रेषेवर मीटरभराची काठी उभी धरून आधी तिचे चित्रण करावे.

चेंडूवर मार्करने फुली काढावी म्हणजे तो किती फिरला ते चित्रात मोजता येईल. चिकटपट्टी लावू नये, कारण तिची कडच नवी शिवण होऊन बसते. चेंडूतील हवेचा दाब नियमाप्रमाणे दर चौरस सेंटिमीटरला 0.30 ते 0.325 किलोग्रॅम असावा. शक्यतो बंदिस्त सभागृह मिळवावे. उघड्या मैदानावर मंद वाराही तुमच्या मोजमापात मिसळेल.

आता तुमच्या गटातल्या त्या चौथ्या मुलीविषयी लिहिते, जी विद्यापीठाच्या संघातून खेळते आणि जिला तुम्ही, गणित कच्चे म्हणून, मुखपृष्ठ सजवण्याचे काम दिले आहे. हे मला अजिबात योग्य वाटत नाही. हा प्रकल्प तिच्याच हातावर उभा राहणार आहे. तळव्याच्या टणक भागाने चेंडूच्या बरोबर मध्यावर क्षणभरच आघात करायचा, मनगट ताठ ठेवायचे आणि आघातानंतर हात पुढे न नेता जागीच थांबवायचा, हे तिला जमते म्हणूनच चेंडू फिरकीविना जातो. चेंडू उडवण्यापूर्वी ती व्हॉल्व्ह कोणत्या दिशेला ठेवते आणि का, हे तिला विचारून वहीत लिहून घ्या. तिने सर्व्हिस करावी आणि कोणती सर्व्हिस जमली, कोणती बिघडली, हे चित्रण पाहण्यापूर्वी तिनेच सांगावे. नंतर फुलीवरून मोजलेली फिरकी तिच्या शब्दाशी ताडून पाहा. तिच्या बोटांना जे कळते ते तुमच्या आकड्यांत उतरते की नाही, हा निष्कर्षही अहवालात यायला हवा आणि त्याखाली तिचे नाव असायला हवे.

एक आग्रह मात्र मी धरणार आहे. जी सर्व्हिस नेटला लागली किंवा ज्या मोजमापाचे बिंदू वेडेवाकडे आले, त्यांची नोंद काढून टाकू नका. आलेख गुळगुळीत दिसावा म्हणून असे बिंदू गाळण्याचा मोह प्रत्येक प्रयोगशाळेत होतो, आणि तुमच्या बाबतीत तर विषयच मुळात त्या वेडेवाकडेपणाचा आहे. ज्या बिंदूंना तुम्ही चूक समजाल, त्यांतच कदाचित रोध वाढल्याची जागा सापडेल.

आराखड्यातले उडीचे प्रकरण सोडून देताना तुला वाईट वाटेल, हे मी जाणते. उडीतला अर्धा वेळ खेळाडू वरच्या पाव उंचीत असते आणि म्हणून ती हवेत थांबल्यासारखी भासते, हे तू फार छान लिहिले आहेस. ते जपून ठेव, पुढच्या सत्रात त्याचा स्वतंत्र प्रकल्प होईल.

पहिल्या दिवसाचे चित्रण झाले की आलेख काढण्यापूर्वी नुसता तक्ता मला पाठव. वेळ, आडवे अंतर आणि उंची एवढे तीन रकाने पुरेत. काठीचे माप कसे घेतले ते त्याखाली लिही. मैत्रिणींना माझे आशीर्वाद सांग आणि वेळेवर जेवत जा.

तुझी,
आई