कॅसेटची फाईल करताय? मूळ आधी ठेवा, एमपी थ्री मग करा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गणपती तोंडावर आलेत, आता बेळगावच्या खडेबाजार, गणपत गल्लीपासून खानापूर, निपाणीपर्यंत सगळ्या मोबाईलच्या दुकानांत पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड भरून घ्यायला रांग लागणार, त्यात काही नवीन नाही. पण गेली दोन-तीन वर्षं एक नवीन काम चाललंय, गावोगावच्या भजनी मंडळांच्या जुन्या कॅसेट मोबाईलवर, ब्लूटूथ स्पीकरवर वाजाव्यात म्हणून त्यांच्या फाईली करून घेणं. काम लई चांगलं आहे, करायलाच पाहिजे, कारण टेप राहिले नाहीत आणि आमच्या इथल्या पावसात कपाटातल्या कॅसेटवर पांढरी बुरशी धरते ती वेगळीच. पण ज्या पद्धतीनं हे होतंय ते बघून राहवेना म्हणून हे पत्र. जरा तांत्रिक आहे, छापाल अशी आशा आहे.

आमच्या गावच्या मंडळाच्या सप्ताहातल्या कॅसेट होत्या, त्यात अभंग आहेत, गौळणी आहेत, मधीच कुणीतरी कन्नड दासरपद, म्हणजे हरिदासांचं भक्तिगीत, म्हटलेलं आहे, सोंगी भजनातला एक पूर्ण प्रवेश आहे. स्टेजवरच्या लाऊडस्पीकरजवळ टेप ठेवून केलेलं रेकॉर्डिंग, त्यामुळं बाळाचं रडणं आणि चहावाल्याची हाक पण त्यात आलीय. मंडळानं त्या कॅसेट शहरातल्या एका दुकानात दिल्या, नाव सांगत नाही, सांगून उपयोग पण नाही, दहातल्या आठ दुकानांत असंच होतंय. पेनड्राइव्ह परत आला, स्पीकरला लावला, वाजला, सगळे खूश. मी हेडफोन लावून ऐकलं तर मृदंगाची थाप पडायच्या आधीच तिचा एक फसकारा ऐकू येतोय, आणि टाळ म्हणजे निव्वळ श्श्श श्श्श, खणखण नावाला पण नाही. आमच्या भजनात टाळच काढून टाकला तर राहिलं काय ओ? फाईलीची माहिती उघडून बघितली, ६४ केबीपीएस (हा बिटरेट, सेकंदाला किती हजार बिट ते), स्टिरिओ, २२,०५० हर्ट्झ. तासाभराची अख्खी कॅसेट तीसेक एमबीत कोंबलेली. आवाजाचे सेकंदाला जेवढे नमुने, म्हणजे मोजमापं, घ्याल त्याच्या निम्म्या हर्ट्झपर्यंतचाच आवाज टिकतो, म्हणजे २२,०५० च नमुने घेतले तर ११ हजार हर्ट्झच्या वरचा आवाज त्या फाईलीत राहूच शकत नाही, हे साधं गणित आहे, आणि टाळाचा चमचमाट बराचसा त्याच्याच आसपास आणि वर असतो. कॅसेटवर तो थोडाफार तरी होता की. दुकानदाराला विचारलं तर म्हणतो, वाजतंय नव्हं, मग झालं की. मूळ रेकॉर्डिंग ठेवलंय काय विचारलं तर ते कधीच डिलीट केलेलं.

आता हे का होतं ते थोडक्यात सांगतो. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा, डावा-उजवा असे दोन चॅनल, म्हणजे १४११ केबीपीएस. हे जसंच्या तसं फाईलीत ठेवलं की ती वेव्ह फाईल, मिनिटाला दहा एमबीच्या आसपास, साठ मिनिटांची कॅसेट साधारण ६३५ एमबी. हेच फ्लॅक नावाच्या प्रकारात ठेवलं तर काहीही न गमावता निम्म्याच्या आसपास येतं आणि पाहिजे तेव्हा त्याची परत हुबेहूब वेव्ह होते, एका बिटाचा फरक पडत नाही. फ्लॅक २००१ पासून आहे आणि फुकट आहे, त्याला कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत. एमपी थ्रीत मात्र आवाजातलं काहीतरी गमावलं जातंच. तो जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेत वाढला, फाईलीला .एमपी३ हे शेपूट १९९५ साली लागलं, तेव्हा हार्ड डिस्क एवढ्याशा आणि इंटरनेट टेलिफोनच्या वायरीवरून, म्हणून माणसाच्या कानाला जे सहसा कळत नाही, मोठ्या आवाजाच्या आड जो बारीक आवाज लपतो, ते सगळं फेकून द्यायचं अशी त्याची युक्ती. युक्ती भारीच आहे, मी नावं ठेवत नाही, १९२ किंवा २५६ ला नीट केलेला एमपी थ्री मला पण चटकन ओळखता येत नाही. पण फेकलेलं ते फेकलेलं. आणि बिटरेट कमी केला की पहिला मार बसतो तो टाळ, झांज, टाळ्यांचा कडकडाट आणि मृदंगाची थाप यांनाच, कारण हे आवाज एकदम उठतात आणि पसरट असतात, एमपी थ्रीला नेमके हेच झेपत नाहीत. साथीशिवाय नुसती बायकांची ओवी असती तर ६४ मध्ये सुद्धा बरी वाजली असती.

याच्या पुढची गोष्ट जास्त वाईट आहे. तो ६४ चा एमपी थ्री कुणीतरी ग्रुपवर टाकतो, तिथून दुसरा घेतो आणि फोटो लावून व्हिडिओ करतो, तो यूट्यूबवर चढतो, यूट्यूब आपल्या पद्धतीनं परत दाबतं, मग तिसरा तिथून ‘३२० केबीपीएस एचडी’ म्हणून उतरवून घेतो आणि सांगत सुटतो की माझ्याकडं ओरिजिनल आहे. प्रत्येक वळणावर थोडं थोडं गळत जातं आणि आकडा मात्र वाढलेला दिसतो. ३२० काय, त्या फाईलीची फ्लॅक केली तरी फक्त जागा खाल्ली जाणार. गुळात पाणी घातलं म्हणून उसाचा रस होत नाही, हे ऊसपट्ट्यातल्या माणसाला सांगायची गरज नसावी.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की कॅसेटवरनं एकदा जे उतरवून घ्याल ते वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये उतरवा आणि ती फाईल कुणालाही न देता, न बदलता बाजूला ठेवा, आणि मग ज्याला ज्या प्लेअरला जे लागतंय ते त्या मूळ फाईलीवरनंच दरवेळी नव्यानं करून द्या. एमपी थ्रीवरनं एमपी थ्री करायचा नाही. जागेचं कारण तर कुणी सांगूच नये, एक टीबीच्या डिस्कवर तासाभराच्या दीड हजार कॅसेट नुसत्या वेव्हमध्ये बसतात, एवढ्या कॅसेट आख्ख्या तालुक्यात तरी निघतील काय? डिस्क मात्र दोन घ्या आणि दोन वेगळ्या घरांत ठेवा. आपल्या जिल्ह्यातल्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांचं गाणं कंपन्यांकडं आहे, आकाशवाणीकडं आहे, हौशी लोकांच्या कपाटात आहे, एक प्रत खराब झाली तर दुसरी सापडते. आमच्या गावच्या बुवांची एकच कॅसेट आहे आणि ती पण ज्याच्याकडं आहे त्याच्या सुनेला रद्दीत घालायची घाई झालीय.

आता प्लेअरांची तऱ्हा. ऊस तोडणीच्या हंगामात रस्त्यानं जाणाऱ्या ट्रॅक्टरवरचा टेप असो नाहीतर देवळातला चौकोनी स्पीकर, त्याला एमपी थ्री सोडून दुसरं काही कळेल याची खात्री नाही, त्यामुळं शेवटी वाटायची कॉपी एमपी थ्रीच करावी लागते, ते मान्य. १९२ ला करा, बिटरेट कायम ठेवा, बदलता ठेवला तर काही जुने प्लेअर वेळ भलतीच दाखवतात. आयफोनवर व्हॉइस मेमो घेतला तर एमफोरए प्रकारची फाईल होते, व्हॉट्सॲपचा आवाजी निरोप ओपस नावाच्या प्रकारात असतो, हे दोन्ही देवळातल्या स्पीकरवर गप्प. मग आमची पोरं काय करतात, फाईलीच्या नावातलं एमफोरए खोडून तिथं एमपी३ लिहितात. अरे बाबांनो, दारावरची पाटी बदलली म्हणजे घरातली माणसं बदलली काय, फाईल कन्व्हर्टच करावी लागते.

६४ जीबीचं नवीन कार्ड आणलं तर ते बहुतेक एक्सफॅटमध्ये (कार्डावर फाईली मांडायची एक पद्धत) येतंय आणि गाडीच्या जुन्या टेपला फॅट३२ ही जुनी पद्धत लागते, मग ‘नो फाईल’ असं दाखवून तो मोकळा होतो आणि आपण फाईल खराब म्हणून दुकानदाराशी भांडत बसतो. ३२ जीबीचं कार्ड घ्या, मिटलं. स्वस्तातले प्लेअर गाणी नावाच्या क्रमानं न लावता ज्या क्रमानं कॉपी झालीत त्या क्रमानं लावतात, त्यामुळं शेवटची आरती पहिल्यांदा आणि नमन मध्यरात्री, असं एका काकड्याला झालेलं मी ऐकलंय, तेव्हा नावापुढं ०१, ०२ घाला आणि रिकाम्या कार्डावर त्याच क्रमानं एकेक करून टाका. आणि नावं देवनागरीत लिहिली तर छोट्या डिस्प्लेवर नुसते चौकोन येतात. कन्नडमध्ये लिहून बघितलं, तरी चौकोनच. सीमाभागात दोन्ही भाषांना अगदी सारखी वागणूक देणारं एवढं एकच यंत्र माझ्या बघण्यात आलंय! वाटायच्या कॉपीला नावं इंग्रजी अक्षरात द्या, मूळ फाईलीला खुशाल मराठीत द्या.

कॅसेटवरनं उतरवायचं कसं हे पण बरेच जण विचारतात. स्पीकरसमोर मोबाईल धरून रेकॉर्ड करू नका, एवढं तरी पाळा, नाहीतर शेजारच्या मिक्सरचा आवाज पण पिढ्यान्‌पिढ्या राहील. चालू टेप कुणाकडं तरी असतोच, त्याचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीनं पुसून घ्या, तपकिरी मळ निघतो तो बघून तुम्हीच चकित व्हाल. कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं फिरवून घ्या, वर्षानुवर्षं चिकटलेली टेप मोकळी होते. बुरशी दिसत असेल तर मात्र लावूच नका, ती हेडला लागून पुढच्या सगळ्या कॅसेटला जाते, ते काम जाणकाराकडंच. मग टेपच्या लाइन आऊटमधनं वायर काढून लॅपटॉपला जोडायची, पण लॅपटॉपचं एकच भोक असतं ते बहुतेक माईकचं, तिथं आवाज एकाच चॅनलचा येतो आणि फाटतो, म्हणून लाइन इन असलेलं यूएसबी साऊंड कार्ड घ्या, ऑनलाइन मिळतं, महाग नसतं. ऑडॅसिटी हा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम फुकट आहे, त्यात ४४,१०० आणि १६ बिट ठेवायचं, आवाजाची पट्टी लाल होऊ द्यायची नाही, सगळ्यात मोठा गजर वाजवून आधी लेव्हल लावून घ्यायची. रात्रभराचा जागर एकाच फाईलीत घेऊ नका, पावणेसात तासांच्या आसपास वेव्ह चार जीबीला पोचते आणि तिथं अडकते. आणि घरघर जावी म्हणून नॉइज रिमूव्हलचं बटण दाबायची घाई नको, त्यात टाळाचा पण बळी जातो. ज्याला साफ करून ऐकायचं त्यानं कॉपी साफ करावी.

पुढचं कन्व्हर्शन तर पोरांचा खेळ आहे. फ्री-एसी (fre:ac), व्हीएलसी या प्रोग्रॅममध्ये होतं, कॉम्प्युटरवाल्या पोराला एफएफएमपेग हा लिहून हुकूम द्यायचा प्रोग्रॅम माहीत असला तर एका ओळीत आख्खं फोल्डर करून देतो. त्या ऑनलाइन कन्व्हर्टरच्या वेबसाइटच्या नादाला मात्र लागू नका, डाऊनलोडची चार बटणं असतात, त्यातली तीन भलतीकडं नेतात, आणि एवढ्या मोठ्या फाईली वर चढवायला गावातलं नेट पुरत पण नाही.

तेव्हा दुकानदार मंडळींना विनंती आहे की कॅसेटचं काम घेताना गिऱ्हाईकाला सरळ विचारा, मूळ फाईल पाहिजे काय, आणि त्याचे शंभर-दोनशे जास्त घ्या, कोण नाही म्हणणार नाही. निदान काम पोचतं करून आठ दिवस तरी मूळ डिलीट करू नका. आणि गावोगावच्या वाचनालयांनी एक कपाट आणि दोन डिस्क एवढं तरी काढून ठेवावं, सोबत एक वही ठेवावी, कुठल्या गावचा सप्ताह, कुठलं साल, पुढं कोण गात होतं, मृदंगावर कोण, कारण ‘ट्रॅक ०७’ वरनं काही कळत नाही आणि आवाज ओळखणारी माणसं सत्तरीच्या पुढं गेलीत. आपल्या पेपरचे वार्ताहर गावोगाव आहेत, त्यांच्याकडनं कुठल्या गावात कुणाकडं चालू टेप आहे आणि तो दोन दिवस उसना द्यायची कुणाची तयारी आहे, एवढी यादी जरी तालुकावार छापलीत तर निम्मं काम मार्गी लागेल. आमच्या गावच्या कॅसेट आम्ही परत एकदा उतरवून घेतोय, आमचा टेप दिवाळीनंतर मोकळा आहे.

कळावे,
आपला,
एक वाचक, खानापूर तालुका, जि. बेळगाव