केमोची उलटी गावात होते, तिची सोयही गावात हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नात्यातल्या एका मुलाच्या आजारपणामुळे केमोच्या, म्हणजे कॅन्सरवरच्या औषधांच्या, वॉर्डात माझं जाणं-येणं असतं. 'ओकतंय म्हणजे औषध लागू पडतंय' हे तिथेही ऐकलं आणि आमच्या कुडाळातही. हे साफ चूक आहे. केमोमुळे आतड्यातल्या पेशी सेरोटोनिन सोडतात, ती सूचना मेंदूला पोचते आणि पोर ओकतं. कॅन्सर किती हटला याच्याशी त्याचा संबंध नाही. ही सूचना अडवणारं ऑन्डॅनसेट्रॉन १९९०च्या दशकापासून वापरात आहे. त्याचं सिरप मिळतं, जिभेवर विरघळणारी गोळीही मिळते. केमो जहाल असेल तर जोडीला डेक्सामिथासोन, अप्रेपिटंट ही उलटी आवरणारी औषधंही देतात.

केमोच्या सगळ्याच औषधांनी सारखा त्रास होत नाही. व्हिंक्रिस्टिनने उलटी फारशी होत नाही. हाडाच्या कॅन्सरला देतात त्या सिस्प्लॅटिनचा त्रास मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा उसळतो. डोस मुंबईत परळच्या किंवा गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलात झालेला असतो आणि मूल तोवर गाडीत, नाहीतर घरी. आता थांबली म्हणून आई गोळी बंद करते. रात्री पुन्हा सुरू झालं की जवळचे डॉक्टर 'केमोचं पोर' म्हणून हात लावायला कचरतात.

पहिल्याच डोसला उलटी आवरली पाहिजे. नाही आवरली तर पुढे पुढे मूल सुई टोचायच्या आधीच, नुसत्या हॉस्पिटलच्या वासाने ओकू लागतं, आणि त्यावर गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही.

शेजाऱ्यांनाही एक विनंती. प्रेमापोटी केमोच्या दिवशी पोराच्या आवडीची सुरमई पाठवू नका. त्यावर ओकलं की तो पदार्थ कायमचा मनातून उतरतो. कोमट पेज, मऊ भात पुरे. (आणि सुका बांगडा भाजायचाच असेल तर खिडकी बघून भाजा!)

कुठली गोळी, किती वाजता, उलटी नसली तरी किती दिवस, आणि ताप आला किंवा लघवी कमी झाली तर थेट कुठे जायचं, एवढं मराठीत लिहिलेला कागद प्रत्येक मुलाबरोबर द्यावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात सिरप आणि सलाईन ठेवावं, आणि तो कागद पाहून उपचार सुरू करण्याची लेखी सूचना तिथल्या डॉक्टरांना असावी. जिल्हा आरोग्य विभागाने हे पावसाळ्याआधी करावं. दरड कोसळून गाड्या अडल्या की मुंबई काय, जिल्ह्याचं ठिकाण असलेलं जवळचं ओरोसही लांब वाटतं.

आपली,
एक वाचक, कुडाळ