हलणारा दात आणि आपली साखर

रामबाग, इंदूर
१४ डिसेंबर

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू बोलता बोलता म्हणालास, "खालचा एक दात हलतोय, लवंगेचं तेल लावतोय," आणि लगेच क्रिकेटवर घसरलास. मी तेव्हा गप्प बसलो, कारण ही समोरच होती आणि दाताचा विषय निघाला की माझी सगळी लक्तरं बाहेर काढते. आता निवांत लिहितो.

मागच्या थंडीत सराफ्यात, आपल्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (तळलेला कंद) खात होतो. कढईतून काढलेले, वर मसाला, लिंबू. चावताना उजवीकडची दाढ जागची सरकली. दुखलं काहीच नाही, फसगत होते ती इथेच. तसं म्हटलं तर सकाळी चूळ भरली की बेसिनमध्ये लाल धागा दोन वर्षं दिसत होता. मी ब्रशला शिव्या घालत होतो. तीन ब्रश बदलले!

दाताच्या डॉक्टरीणबाईंनी तोंड बघून पहिला प्रश्न विचारला, "काका, शुगर किती वर्षं?" म्हटलं आठ. मग त्यांनी मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई घेतली, प्रत्येक दाताच्या कडेने हिरडीच्या फटीत हलकेच घातली आणि मदतनीस मुलीला आकडे सांगू लागल्या. तीन, दोन, तीन... पाच, सहा, सात. मी आ वासून पाढे ऐकतोय. तीनपर्यंत ठीक, पुढे तो खिसा. सात म्हणजे दाताला धरून ठेवणारं हाड खाली गेलेलं, आणि गेलेलं हाड सहसा परत भरून येत नाही.

आता मुद्द्याचं. साखर चढी राहिली की बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी ढिल्या पडतात, जखम लवकर भरत नाही. मधुमेह्यांना हिरड्यांचा हा आजार व्हायचा धोका दोन-तीन पट. हिरड्यांच्या आजारांचे संशोधक हाराल्ड लोए यांनी १९९३ मध्येच त्याला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं होतं. पण मला जे ठाऊक नव्हतं ते उलट्या बाजूचं. हिरड्यांतली ती सूज तोंडापुरती राहत नाही. तिथली रसायनं रक्तात उतरतात आणि शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं. म्हणजे साखर हिरड्या खाते आणि हिरड्या साखर चढवतात. आणि आपण गोळीचा डोस वाढवत बसतो.

राग कशाचा येतो सांगू? आठ वर्षांत साखरेच्या डॉक्टरांनी माझे पाय पाहिले, डोळे तपासायला पाठवलं, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन काढलं. "आ करा" एकदाही म्हणाले नाहीत. मीही सांगितलं नाही म्हणा.

हिरड्यांखालचं किटण काढून मुळं साफ केली, चार बैठका, सुई देऊन. "सफाईने दात हलायला लागतात" हे आपल्या मावश्यांचं शास्त्र विसर. किटण निघालं की आधीच पडलेली फट दिसते, इतकंच. तीन महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ८.४ वरून ७.८ वर आलं. सगळं श्रेय हिरड्यांना देऊ नकोस, मी संध्याकाळची शिकंजीही सोडली होती. अभ्यासांत अशा उपचारांनी सरासरी ०.४ च्या आसपास उतार दिसतो. छोटा वाटतो, पण नवी गोळी न घेता मिळालेला आहे.

तू तंबाखू मळतोस, म्हणून एक जास्तीचं: "माझ्या हिरड्यांतून रक्त येत नाही" यावर जाऊ नकोस. तंबाखूने आतला आजार झाकून राहू शकतो. लवंगेचं तेल ठणका मारतं, खिसा भरत नाही. बडोद्यात या आठवड्यातच कुणाला तरी दाखव, जाताना एचबीए१सीचा ताजा रिपोर्ट ने आणि खिशांचे आकडे कागदावर लिहून माग.

जानेवारीत लग्नाला येशील तेव्हा सराफ्यात जाऊच. माझी ती उजवीकडची दाढ मात्र वाचली नाही. गराडू मी हल्ली डावीकडून खातो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अण्णा