जागृती कुणाची करायची?

महोदय,

कालच्या पुरवणीतला ग्रिझली अस्वलांवरचा लेख वाचला. १९७५ साली कायद्याचं संरक्षण मिळालं तेव्हा अलास्का सोडून अमेरिकेत ७००-८०० उरली होती, आज २००० च्या वर आहेत, छान झालं. तिथल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान परिसरातल्या अस्वलांचं संरक्षण २००७ आणि २०१७ मध्ये काढलं आणि कोर्टाने दोन्हीदा परत दिलं, तेही समजलं. पण शेवटी 'ग्रामीण भागात जनजागृतीची नितांत गरज आहे' हे वाचलं आणि सकाळचा चहा कडू झाला.

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, मिशन व्हॅलीत, लेकीकडे मी चार महिने राहून आले. परसात सफरचंदाचं झाड. फळं आंबट, पण वाया कशाला घालवायची म्हणून साखरांबा केला. साली मागच्या खड्ड्यात टाकल्या, खाली पडलेली फळं पाखरांना ठेवली. संध्याकाळी शेजारच्या बाई दारात. "रात्री कुणाला जेवायला बोलावलंय का?" मला थट्टा कळेना. मग त्यांनीच बादली आणली आणि अंधार पडेपर्यंत दोघींनी फळं वेचली. राग आला होता मला, खोटं कशाला सांगू!

त्यांच्या अकरा कोंबड्या एका अस्वलिणीने नेल्या होत्या. चटावली, मग इतरांची खुराडी फोडू लागली. शेवटी तिला मारावं लागलं. कोंबड्यांचं सांगताना बाई हसत होत्या, अस्वलिणीचं सांगताना नाही. आता खुराड्याला विजेच्या तारांचं कुंपण आहे. निम्मा खर्च एका संस्थेने दिला. पण तारेला गवत टेकलं की करंट जमिनीत उतरतो, म्हणून दर आठवड्याला वाकून गवत कापायचं ते बाईंनीच. त्याला अनुदान नाही.

तेव्हा जागृती करायचीच तर माझ्यासारख्या बी.एस्सी. झालेल्या शहरी आजीबाईंची करा. मोंटानातल्याच ब्लॅकफूट खोऱ्यात वासावर अस्वलं येऊ नयेत म्हणून मेलेली गुरं गोठ्यांवरून उचलून नेतात. पशुपालक स्वतः त्या कामात आहेत. लेखकमहाशयांना त्यासाठी एक ओळ सापडली नाही. जागा नव्हती म्हणावं, तर अर्धं पान फोटोला दिलंय.

आणि तो फोटो! छातीवर पांढरट 'व्ही', अंगावर झिपऱ्या: अहो, ते आपल्याकडचं अस्वल. ग्रिझलीच्या खांद्यावर वशिंड असतं. छापण्याआधी कुणीच पाहिलं नाही?

आपली,
एक जुनी वर्गणीदार, मिरज