पावसाळ्यातल्या लिपिड-टूसाठी काकांचे आभार

आदरणीय काका,

जून ते सप्टेंबर गोव्यातल्या ताळगाव पठारावर हवा कशी ओथंबलेली असते, हे तुम्हाला सांगायला नको. जिवाणूंच्या पेशीभित्तिकेचा पूर्वघटक, लिपिड-टू, अशा हवेत फ्लास्कमध्ये बनला तो तुमच्या कोरडेपणाच्या शिस्तीमुळे. हे काम पुढे करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून आभार तपशीलासह लिहितो आहोत.

म्युरॅमिक आम्ल (पेशीभित्तिकेतली एक साखर) आणि पाच अमिनो आम्लांची साखळी सहज जुळते. खरे नडते ते शेवटी, म्युरॅमिल फॉस्फेट आणि 55 कार्बनचे लांब लिपिड, अनडेकाप्रेनिल फॉस्फेट, यांच्यात पायरोफॉस्फेटचा, म्हणजे दोन फॉस्फेट जोडणारा, दुवा बांधताना. हा दुवा आम्लात टिकत नाही, आणि लिपिडमध्ये दुहेरी बंध असल्याने नंतर बेंझिल गट काढणारे हायड्रोजनेशनही (हायड्रोजनची प्रक्रिया) करता येत नाही. म्हणून संरक्षणासाठी लावलेले बेंझिल गट आधीच काढायचे, तसेच लावलेले अ‍ॅसिटेट आणि मिथिल एस्टर शेवटी सोडियम हायड्रॉक्साइडने.

म्युरॅमिल फॉस्फेट सीडीआयने (कार्बोनिलडायइमिडाझोल, पाण्याने लगेच बिघडणारे अभिकर्मक) सक्रिय होते. फ्रीझरमधली त्याची बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण उघडू द्यायचे नाही, हा तुमचा नियम. थंड भुकटीवर दव धरले की सीडीआयचा इमिडाझोल होतो आणि वजनकाट्यावर काहीच कळत नाही. मॉलिक्युलर सिव्ह्ज (पाणी शोषणारे सच्छिद्र मणी) निर्वातात 300 अंशांवर तापवून आर्गॉनखालीच गार करायला तुम्ही लावलेत. फॉस्फेटचे क्षार स्वतःच ओल धरून असतात, ते कोरड्या टोल्युइनबरोबर तीनदा रोटाव्हेपरवर (कमी दाबाखाली द्रावक उडवणारे यंत्र) ठेवून त्यांची ओल उडवायची.

मिथेनॉलचा सल्ला सर्वांत मोलाचा. जादा सीडीआय संपवायला ते हवेच, नाहीतर तो अनडेकाप्रेनिल फॉस्फेटलाही सक्रिय करतो आणि दोन लिपिड एकमेकांना जुळतात. पण लिपिड घालण्याआधी मिथेनॉल निर्वातात पूर्ण काढायचे. राहिले तर सक्रिय फॉस्फेटचा मिथिल एस्टर होतो. फॉस्फरस-31 एनएमआरमध्ये (फॉस्फरसचे अणू कशाशी जोडले आहेत ते दाखवणारी चाचणी) उणे 10 ते उणे 14 पीपीएमच्या पट्ट्यात दोन दुहेरी रेषा दिसल्या तर दुवा जुळला. एकच सरळ रेषा म्हणजे दोन सारखे फॉस्फेट जुळले.

आणखी एक: अनडेकाप्रेनिल फॉस्फेटसाठी लागणारे अनडेकाप्रेनॉल लॉरस नोबिलिस या झाडाच्या पानांतून काढतात. म्हापशाच्या बाजारातले तमालपत्र दुसऱ्या झाडाचे, ते आणून उपयोग नाही, हेही तुम्ही वेळीच सांगितलेत.

व्हँकोमायसिन हे प्रतिजैविक अमिनो आम्लांच्या साखळीच्या टोकाचे डी-अ‍ॅलानिन-डी-अ‍ॅलानिन कसे धरते, ते या शुद्ध नमुन्यावर आता मोजता येईल. त्याबद्दल मनापासून आभार.

तुमचे ऋणी,
प्रयोगशाळेतले आम्ही सगळे